वर्ख की मुलामा?

प्रश्न असा: सोळाव्या लुईच्या काळातल्या फ्रेंच खुर्च्यांबद्दल लिहिताना ‘गिल्टवुड’साठी ‘सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूड’ चालेल का? आणि त्या घडवणाऱ्याला नुसतं ‘सुतार’ म्हटलं तर?

मुलामा नको, वर्ख म्हणा. मुलामा चढतो धातूवर. पॅरिसमध्ये तेव्हा मेजाकपाटांवर ब्राँझची नक्षी जडवत. पाऱ्यात कालवलेलं सोनं तिला फासून ती तापवायची. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. हा खरा मुलामा. लाकडाला ती आच कुठली सोसायला? खुर्चीच्या कोरीव सांगाड्यावर सरस आणि खडूचे अनेक हात द्यायचे, त्यात बुजलेली नक्षी पुन्हा कोरून उघडी करायची, वर तांबूस किंवा पिवळट चिकणमातीचा थर द्यायचा, तो पाण्याने ओला करून सोन्याची पानं बसवायची आणि हवा तेवढा भाग अकीकाच्या दगडाने घोटून चमकवायचा. ‘वर्ख’ हा शब्द अरबी ‘वरक’, म्हणजे पान, यावरूनच आला आहे. शिवाय मराठीत ‘मुलामा’ला खोटेपणाचा वास आहे, तो या खुर्च्यांना उगाच चिकटेल. ‘सोनेरी खुर्ची’ म्हटलं तर रंग दिलाय असंच वाटतं.

‘सुतार’ला माझी हरकत नाही. फ्रेंचांनी मात्र दोन कारागीर वेगळे मानले: भरीव लाकडाच्या खुर्च्या, पलंग करणारा तो ‘मन्विझ्ये’, आणि पातळ लाकडी पापुद्रे चिकटवून कपाटं, मेजं सजवणारा तो ‘एबेनिस्त’. दुसऱ्याचं नाव एबनी म्हणजे आबनुसाच्या काळ्या लाकडावरून पडलं. त्या काळचा खुर्च्या घडवणारा झोर्झ झाकोब (1739–1814) पहिल्या जातीचा. खुर्चीवरच्या त्याच्या नावाच्या शिक्क्यात ‘जे’च्या जागी ‘आय’ दिसतो, ती चूक नव्हे. राणी मारी आंत्वानेतच्या सँ-क्लू महालासाठी 1788 मध्ये खुर्च्या करणारा झाँ-बातिस्त-क्लोद सने हाही मन्विझ्येच. पण वर्ख यांच्या हातचा नसे. नक्षी कोरणारा, वर्ख लावणारा, गादी भरणारा, सगळे निराळे. म्हणून ‘झाकोबने सोन्याने मढवलेली खुर्ची’ असं लिहू नका. ‘मढवणं’ म्हणजे पत्रा ठोकणं, तेही इथे बसत नाही.

जाता जाता: खुर्चीच्या हातांखालची बाजू मोकळी असते ती ‘फोतय’, कापडाने भरलेली असते ती ‘बर्जेर’. दोन्हींना ‘आरामखुर्ची’ म्हणायचा मोह होईल, पण मराठी वाचकाला त्यातून मागे रेललेली कापडी खुर्चीच दिसेल. ‘हातांची खुर्ची’ आणि ‘बंद हातांची खुर्ची’ हे बरं.