दोन-तीन दिवसांत प्रेम होतं का? माझं अमळनेरला झालेलं

तुम्ही विचारलंय, घरापासून लांब अनोळखी गावात दोन-तीन दिवसांत झालेलं प्रेम खरं असतं की टाइमपास. माझं तरी खरं होतं, फक्त तेवढ्यापुरतंच होतं.

फेब्रुवारी 2024, अमळनेरचं 97 वं साहित्य संमेलन, 2 ते 4 तारीख. साहित्याशी माझा संबंध खोकी उचलण्यापुरता, मी सांगलीहून एका प्रकाशकाच्या स्टॉलवर गेलेलो आणि शेजारच्या स्टॉलवर ती, चंद्रपूरची. सुट्टे पैसे मागण्यावरून बोलणं सुरू झालं, त्या गावात आम्हा दोघांनाही कुत्रं ओळखत नव्हतं त्यामुळे कोण बघेल, कोण काय म्हणेल ही भानगडच नाही, घरी असतो तर मी एवढं बोललोच नसतो.

दुपारी खानावळीत गेलो, कळण्याची भाकरी, भरीत आणि शेवभाजी. मी आपला आम्ही सांगलीचे, आम्हाला काय तिखट सांगता वगैरे आणि पाचेक घासांत नाकाडोळ्यांतून पाणी. "तिखट लागून राहिलं का जी?" म्हणून ही खो खो हसतेय आणि वाढणाऱ्या मावशी "खाय ना भो" करत वरून अजून रस्सा ओततायत. (भरीत मात्र नाद खुळा, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली.) संध्याकाळपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं. विद्रोही साहित्य संमेलनही (मुख्य संमेलनाला पर्याय म्हणून भरतं ते) तेव्हाच गावात होतं, तिकडे चक्कर मारू म्हणून रोज निघायचो आणि चहाच्या टपरीवरच अडकायचो.

शेवटी पुस्तकं टेम्पोत भरून आम्ही एकाच गाडीत बसलो. मला जळगावला उतरून पुण्याची गाडी धरायची होती, तिला भुसावळहून पुढे नागपूरकडे. धरणगाव गेलं तरी कोणी काही बोलेना. जळगाव आलं, मी बॅग खाली काढली, तिने ती उचलून परत वर ठेवली. संपला विषय, गेलो भुसावळपर्यंत. तिची गाडी लेट होती, आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेला शिव्या दिल्या नाहीत.

नंतर व्हॉट्सॲपवर महिनाभर धो धो, मग गुड मॉर्निंग, मग नुसतं स्टेटस बघणं. भांडण नाही, ब्रेकअप नाही, दोघांचीही आपापली कामं सुरू झाली. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका आली, लग्न चंद्रपूरला आणि तेही ऐन मे महिन्यात. त्या उन्हात कोण जातंय, आहेर जीपेने पाठवला.