फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला शब्द (म्हणजे तिथली आज्ञा) सापडत का नाही? तुमचे प्रश्न

'व्होकॅब्युलरी मीटर' केलं (शब्दांची 'मीटर' नावाची नवीन यादी बनवली), नंतर नुसतं 'मीटर' टाकलं आणि आता नवीन शब्द बनवणारा साधा कोलनपण ओळखत नाही. सिस्टीम उडाली का? (डोंबिवली)

उडाली नाहीये, आधी 'ऑल्सो' हा शब्द टाकायचा राहिला तुमचा. व्होकॅब्युलरीचं नाव टाकलं की ती शोध-यादीत (शब्द ज्या याद्यांत, ज्या क्रमाने शोधायचे त्यात) सगळ्यात वर जे बसलंय त्याला उठवून स्वतः तिथे बसते, आणि तुमच्याकडे वर होती 'फोर्थ' नावाचीच मूळ यादी, म्हणजे कोलन, डुप, प्लस सगळं गेलं एका झटक्यात. ऑल्सो काय करतो, तर वरच्या यादीची एक कॉपी चढवतो, मग मीटर त्या कॉपीला उठवतं आणि खालची फोर्थ शाबूत राहते. ऑल्सोची व्याख्या बघा म्हणजे भीती जाईल: गेट-ऑर्डर, ओव्हर, स्वॅप, वन-प्लस, सेट-ऑर्डर. म्हणजे क्रम वाचा, वरच्या यादीची कॉपी करा, संख्या एकने वाढवा, परत लावा. बस्स.

आत्ता सुटायला 'फोर्थ-वर्डलिस्ट १ सेट-ऑर्डर' टाका. सगळ्यात छोट्या शोध-यादीतही 'फोर्थ-वर्डलिस्ट' आणि 'सेट-ऑर्डर' हे दोन शब्द असलेच पाहिजेत, असं १९९४ चं एएनएस स्टँडर्ड (फोर्थचं अमेरिकन मानक) सांगतं.

प्रीव्हियस केलं (सगळ्यात वरची यादी काढली) तरी नवीन शब्द मीटरमध्येच जातायत. (परळ)

जाणारच! सगळा घोळ इथेच होतो लोकांचा. शब्द कुठे शोधायचा आणि नवीन शब्द कुठे ठेवायचा ही दोन वेगळी खाती आहेत, प्रीव्हियस फक्त पहिल्याला हात लावतो. डेफिनिशन्स टाकलं की नवीन शब्द आता वर असलेल्या यादीत जातात, म्हणून 'प्रीव्हियस डेफिनिशन्स' असं जोडीनेच टाकायची सवय लावा, आणि शंका आली की ऑर्डर टाइप करा, दोन्ही दिसतात. मी तर नवीन लोकांना सांगतो, आधी ऑर्डरचं आउटपुट पाठवा, मग प्रश्न.

एकाच नावाचे दोन शब्द दोन याद्यांत असले तर कुठला चालतो? शोधण्यात वेळ जातो का? (पवई)

जो आधी भेटेल तो. दादरला उतरून पत्ता विचारता तेव्हा पहिल्याच पानवाल्याने सांगितलं की दुसऱ्याला विचारत नाही ना तुम्ही, तसंच. आणि हा शोध कंपाइल करताना होतो, एकदा व्याख्या बनली की तिच्यात तेव्हा सापडलेला शब्द पक्का बसला, मग नंतर यादी उलटीपालटी करा नाहीतर त्याच नावाचा नवीन शब्द लिहा, जुनी व्याख्या जुन्यालाच बोलावते. त्यामुळे चालताना वेळ जात नाही.

लायब्ररी फाइल लोड केल्यावर दुसऱ्याची ऑर्डर बिघडू नये म्हणून काय करू? (ठाणे)

जेवढे ऑल्सो तेवढे प्रीव्हियस, मोजून. सुरुवातीला गेट-करंट करून नवीन शब्द कुठे जातायत ते ठेवून घ्या, शेवटी सेट-करंटने ते परत लावा. फाइलच्या मधेच 'ओन्ली फोर्थ' टाकणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, दुसऱ्याने लावलेली अख्खी यादी पुसतात. शिवाय शोध-यादीत किमान ८ याद्या मावतील एवढीच स्टँडर्डची हमी आहे, म्हणजे प्रत्येक फाइलने एकेक ऑल्सो मागे सोडला तर सुरुवातीची एक यादी धरून आठवी फाइल येईपर्यंतच कुठेतरी आपटू शकतं.