मान तपासताना: नव्या डॉक्टरांसाठी

वाळपईला आरोग्य केंद्रात रुजू झालात, छान झालं. थायरॉईडचा कॅन्सर दर वेळी गळ्याच्या मधोमध गाठ घेऊन येत नाही, हे आधी लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते मानेच्या बाजूच्या गाठीत. नमुना न घेताच टीबीची औषधं सुरू होतात. चाळिशीनंतर तिथे पाण्याची गाठ दिसली, तर जन्मजात समजून सोडू नका. पॅपिलरी हा थायरॉईड कॅन्सरचा प्रकार लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) पसरून असाच लपतो. सोनोग्राफी करून सुईने नमुना घ्यायला सांगा. पेशी कमी आल्या, तर सुई धुतलेल्या द्रावात थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, तपासतात.

- टीएसएच (थायरॉईडच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल आहे म्हणून कॅन्सर नाही, असं धरू नका.
- आवाज 3 आठवड्यांहून जास्त बसलेला? स्वरयंत्र पाहायला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा.
- हाड विनाकारण मोडलं, तर मानही चाचपा. थायरॉईड कॅन्सरचा फॉलिक्युलर प्रकार कधी कधी आधी हाडातच दिसतो.

मेड्युलरी हा आणखी एक प्रकार, त्यासाठीची कॅल्सिटोनिनची रक्ततपासणी वगैरे पुढे पाहू. तूर्त पेशंटला पाण्याचा घोट गिळायला लावून मान बघायची सवय करा. आणि त्यांना घाबरवू नका हां, थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात.