अँटिबॉडी दुप्पट करू नका, आधी व्हायल कुठे ठेवली होती ते शोधा

उंदराच्या स्प्लीनच्या (प्लीहेच्या) पेशी, सीडी४ची (काही प्रतिकारक पेशींवरच्या एका खुणेची) पीई हा चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी, दुप्पट घातली तरी फ्लोवर (पेशींची चमक मोजणाऱ्या मशीनवर) सगळं निगेटिव्हच. तुमची पोस्ट वाचली आणि मला माझं पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं. तुम्हीही बडोद्याच्याच, म्हणून सविस्तर लिहिते.

आरबीसी लायसिस (लाल रक्तपेशी फोडणं), एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) वगैरे तुम्ही करतच असाल.

माझं अशाच अँटिबॉडीचं पार्सल मे महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी आलं. मी दांडिया बाजारात मावशीकडे लग्नाला गेले होते. आमच्या तेव्हाच्या संस्थेच्या स्टोअरने सही करून माल घेतला आणि थेट उणे २०च्या फ्रीजरमध्ये टाकला. 'जैविक माल फ्रीजरमध्येच' हा त्यांचा नियम. सोमवारी व्हायल हातात आली तेव्हा झाकणाच्या आत बर्फाचे बारीक कण होते आणि लेबलवर २ ते ८ अंश, गोठवू नका, असं स्पष्ट छापलेलं. मी ते वाचलं आणि तरीही वापरली. सगळ्यात मोठी चूक ती.

पीई म्हणजे फायकोएरिथ्रिन, लाल शैवालातून मिळणारं सुमारे २,४०,००० डाल्टनचं प्रथिन. गोठलं की त्याची घडी मोडते आणि चमक जाते. अँटिबॉडी पेशीला चिकटतही असेल, पण मशीनला काही दिसत नाही. मी मात्र तीन महिने पेशींना दोष देत राहिले. शेजारच्या लॅबमधून त्याच जीके१.५ क्लोनची (म्हणजे सीडी४वर त्याच जागी चिकटणारी), पण एफआयटीसी हा दुसरा रंग लावलेली अँटिबॉडी मागून आणली, तेव्हा पहिल्याच दिवशी पॉझिटिव्ह पेशी वेगळ्या दिसल्या.

बदली मागितली तर स्टोअर म्हणे, 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' अशी सही झालीय, आता काही होणार नाही. तीन अर्ज दिले. एकाचंही लेखी उत्तर आलं नाही. आजही राग येतो, कारण ते पैसे माझ्या वर्षभराच्या ग्रँटमधले होते.

म्हणून आज एवढंच करा: कॉम्पेन्सेशन बीड्सचा (अँटिबॉडी पकडणाऱ्या बारीक मण्यांचा) एक थेंब घेऊन त्यात हीच अँटिबॉडी घाला. बीड्स तुमच्या क्लोनची अँटिबॉडी पकडणारे आहेत ना, ते आधी बघा, जीके१.५ असेल तर ती उंदराची (माउसची) नाही, रॅटची आहे. बीड्स चमकले तर दोष पेशींत किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये. नाही चमकले तर व्हायल फेकून द्या, वाचवायच्या फंदात पडू नका. मशीनच्या व्होल्टेजचं मात्र तुमच्या ऑपरेटरना विचारा, मी मशीनची जाणकार नाही.

आणखी एक: उंदराला आधी जीके१.५ टोचून तिच्या शरीरातल्या सीडी४ पेशी मुद्दाम नष्ट केल्या असतील, तर त्याच क्लोनने रंगवू नका. जागा आधीच अडलेली असते. आरएम४-४ हा दुसरा क्लोन घ्या, तो जीके१.५शी जागेसाठी भांडत नाही.

पुढची ऑर्डर सोमवारी पोचेल अशीच द्या आणि स्टोअरमध्ये स्वतः उभ्या राहा. बीड्सचा आलेख इथे टाका, मी रात्री बघते.