तुला न सांगता गेले ते

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला टाकलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. प्रयोग संपला, तू 'भरत' नाट्यमंदिरात लाइटची रंगीत जिलेटिनं मोजून परत देत बसलीस, आणि खाली येऊन बघतेस तर अख्खा ग्रुप जेवायला निघून गेलेला. त्याआधी स्टेजवर फोटो झाला, त्यातही तू नाहीस.

फोटोचं मी धरतच नाही. लोक रंगमंचावर असताना लाइटचा बोर्ड सोडायचा नाही, हे आपलं कामच आहे. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. त्यातल्या कुठल्याही ग्रुप फोटोत लाइटवाला शोधून दाखव.

जेवणाचं मात्र लागतं. 'एवढं काय मनाला लावून घेतेस' असं मी म्हणणार नाही. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिघांनी चेंडू फेकायचा. सुरुवातीला एक-दोनदा तो तुमच्याकडे येतो, मग उरलेले दोघं आपसातच खेळत राहतात. काही मिनिटांचा खेळ, ओळख ना पाळख, तरी माणसं खट्टू होतात. 2004 साली छापून आलेल्या अभ्यासात तर काही जणांना आधीच सांगितलं होतं, की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच चेंडू टाकतोय. त्यांनाही जवळजवळ तितकंच वाईट वाटलं.

म्हणजे तुला झोंबलं ते खरं. पण तेवढ्यावरून कुणी मुद्दाम डावललं असं ठरत नाही. यंत्रानं टाळलं तरी पोटात तसंच तुटतं.

मला विचारशील तर त्या रात्री तुझी कुणाला आठवणच झाली नाही. हे अपमानापेक्षा वाईट लागतं, ठाऊक आहे मला. पण नटमंडळी प्रयोगानंतर तासभर शुद्धीवर नसतात. 'माझा तो पॉझ बघितलास का?' याच्या पलीकडे त्यांना जग नसतं. गाड्या भरल्या की निघाले. पुढच्या वेळी आधीच सांगून ठेव, 'मला वीस मिनिटं लागतील, थांबा.' नाही थांबले, तर तेव्हा खुशाल रुस.

पोस्टरचं वेगळं आहे. लागोपाठ दोन पोस्टरांवर लेखक, दिग्दर्शक, संगीत सगळं आहे आणि प्रकाशयोजना नाही, याला मी विसर म्हणणार नाही. ही सवय पडते, आणि तुझ्यानंतर बोर्डावर बसणाऱ्यालाही भोगावी लागते. दिग्दर्शकाला एकट्याला गाठ. ग्रुपवर लिहू नकोस, तिथं सगळे तमाशा बघायला बसतात. 'का नाही टाकलंस?' असंही विचारू नकोस. तो कारणं देत बसेल. सरळ सांग, 'पोस्टरवर प्रकाशयोजनेत माझं नाव हवंय. छापायला द्यायच्या आधी मला दाखव.' टोमणा मात्र नको. त्या बाबतीत पुण्यात तुझ्याहून फार तयारीची माणसं आहेत, तू हरशील.

गुरुवारी सहानंतर मी घरी आहे. कुठला लाइट कधी, ते लिहिलेली क्यू-शीट घेऊन ये. शेवटच्या प्रसंगातला फेड-आउट घाईचा झाला. नटीचं वाक्य पुरतं संपायच्या आत तू काळोख केलास. तिथं अजून तीन सेकंद हवे होते.

— काका