गुण जास्त, तरी बोलावणं दुसऱ्यालाच: एएचएलमधल्या मुलाच्या आईला उत्तर

नमस्कार ताई,

मिसिसागाहून आलेलं तुमचं सविस्तर पत्र मिळालं. मुलाने विसाव्या वर्षी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च आइस हॉकी लीग) क्लबशी तीन वर्षांचा पहिला करार केला. सध्या तो एएचएलमध्ये, म्हणजे त्याखालच्या लीगमध्ये, दुसरा हंगाम खेळतोय. विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) आहे, ४१ सामन्यांत ३४ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), त्यातले १६ पॉवर प्लेवर, म्हणजे विरोधी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना. असं असताना क्लबने वर बोलावलं ते त्याच्याच संघातल्या १९ गुणांच्या मुलाला. तुमचे प्रश्न तीन: त्याच्यात काय कमी आहे, दहा सामन्यांच्या नियमाची अडचण आहे का, आणि ट्रेड (दुसऱ्या क्लबकडे अदलाबदल) मागावा का.

आधी नियमाचं बघू, कारण ते पटकन संपतं. हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने झाले तर कराराचं ते वर्ष मोजलं न जाता पुढे सरकतं, पण ते अठरा-एकोणिसाव्या वर्षी सही केलेल्यांचं. तुमच्या मुलाला तो नियम लागू नाही. त्याला लागू आहे तो वेव्हर्सचा. विसाव्या वर्षी सही केलेल्या खेळाडूला तीन हंगाम किंवा १६० एनएचएल सामने, जे आधी पूर्ण होईल तोवर, क्लब कितीही वेळा खाली-वर करू शकतो. ही सूट संपली की खाली पाठवण्याआधी त्याचं नाव २४ तास बाकीच्या ३१ क्लबांपुढे ठेवावं लागतं आणि त्यातला कुणीही त्याला उचलू शकतो. म्हणजे येत्या सप्टेंबरच्या सराव कॅम्पमध्येही क्लब त्याला निर्धास्तपणे परत पाठवू शकतो. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात मात्र ते जमणार नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. क्लबचा हिशेब कोणत्या तारखेभोवती फिरतो ते घरात माहीत असलेलं बरं.

आता मुख्य प्रश्न. कॉल-अप, म्हणजे वर बोलावणं, हे गुणांचं बक्षीस नसतं, ती एक ठरावीक रिकामी जागा भरणं असतं. एनएचएलच्या २३ जणांच्या चमूत रोज बारा फॉरवर्ड खेळतात. वरच्या दोन फळ्यांत (तीन-तीन फॉरवर्डच्या गटांत) मोठ्या करारांचे खेळाडू पक्के बसलेले असतात. जानेवारीत कुणाचा खांदा दुखावला तर जागा उघडते ती बहुधा चौथ्या फळीत: आठ-दहा मिनिटांचा खेळ, पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेवर असताना बचाव), आणि आपल्या हद्दीत गोंधळ न घालणं एवढीच अपेक्षा. १९ गुणांचा तो मुलगा ही कामं खाली रोज करत असणार. शिवाय अशा मुलाला वर नेऊन चार सामने नुसतं बाहेर बसवलं तरी क्लबला हळहळ नसते. ज्याच्याकडून पुढे मोठी आशा आहे, त्याने वर प्रेस बॉक्समध्ये बसण्यापेक्षा खाली अठरा मिनिटं खेळावं, असंच बहुतेक जनरल मॅनेजर मानतात. त्यामुळे दुसऱ्याला बोलावणं आलं याचा अर्थ तो तुमच्या मुलाच्या पुढे गेला असा सरसकट काढू नका.

गुणांचंही एक गणित करून बघा. एएचएलमधल्या गुणांना साधारण ०.४५ ने गुणलं की एनएचएलमधला ढोबळ अंदाज येतो. ३४ गुणांवरून ८२ सामन्यांना ३१ च्या आसपास येतात, दिसायला छानच. पण वर गेल्यावर पॉवर प्ले कुणी त्याच्या हातात देणार नाही. ते १६ वगळून उरलेल्या १८ वर हाच हिशेब केला तर येतात १६. तेही इतकीच मिनिटं मिळाली तर, आणि ती मिळणार नाहीत. क्लबमधली माणसं हाच दुसरा आकडा बघतात.

मग खेळात काय बघतात? विंगरसाठी एक प्रसंग मी सगळ्यात वर ठेवते. आपल्या हद्दीत डिफेन्समन मैदानाच्या कडेच्या बोर्डालगत पक (खेळाची रबरी चकती) फिरवतो आणि तो विंगरकडे येतो. समोरून विरोधी डिफेन्समन अंगावर धावून येतोय. पक पोचण्याआधी मुलाने खांद्यावरून मागे नजर टाकली का? कंबर बोर्डाला टेकवून शरीर पक आणि येणारा माणूस यांच्या मध्ये घातलं का? आणि मग एका स्पर्शात सेंटरला पास किंवा काचेवरून पक ब्लू लाइनच्या (आपल्या हद्दीच्या रेषेच्या) बाहेर, यांपैकी काहीतरी झालं का? खालच्या लीगमध्ये तो माणूस अर्धं पाऊल उशिरा पोचतो, म्हणून पक थांबवून, मान वर करून पास शोधायला वेळ मिळतो. ज्यांच्याकडे हात चांगले असतात त्यांना नेमकी हीच सवय लागते. वर तेवढ्यात पक गेलेला असतो, ४०-४५ सेकंदांची शिफ्ट दीड मिनिटावर जाते, पाय जड होतात, आणि गोल बसला की पुढच्या शिफ्टला प्रशिक्षक दुसऱ्याचं नाव घेतो. सामन्यांची रेकॉर्डिंग्ज तुमच्याकडे आहेतच. गोल बाजूला ठेवा आणि असे वीस प्रसंग मोजा. वीसपैकी किती वेळा पक ब्लू लाइनच्या बाहेर गेला, हे मुलाने स्वतः लिहून ठेवावं. मोजणी त्यानेच करावी, तुम्ही नव्हे. आईने केलेली मोजणी जेवणाच्या टेबलावर भांडण लावते.

घाई केली की काय होतं याचं उदाहरण तुमच्या माहितीतलंच आहे. मॅनी मल्होत्रा १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) सातवा निवडला गेला आणि अठराव्या वर्षी थेट न्यूयॉर्क रेंजर्समध्ये दाखल झाला. ७३ सामन्यांत १६ गुण. पुढच्या मोसमात वर २७ सामने, एकही गुण नाही. मग ज्युनियर आणि एएचएल अशी फिरती झाली. नंतर त्याने ९९१ एनएचएल सामने खेळले, पण ते फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करणं) आणि पेनल्टी किल यांच्या जोरावर. २०२५ मध्ये व्हँकुव्हरच्या एएचएल संघाने म्हणजे अ‍ॅबट्सफर्डने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. त्याच अ‍ॅबट्सफर्डमध्ये अर्शदीप बेन्स घडला. २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे, तरी ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नव्हता. पहिला एनएचएल सामना मिळाला तो एएचएलच्या दुसऱ्या हंगामात, फेब्रुवारी २०२४ मध्ये. डेट्रॉइटने तर आपली पोरं ग्रँड रॅपिड्स या एएचएल संघात चांगली मुरवण्यात नावच कमावलं होतं. गोलकीपर जिमी हॉवर्ड तिथे चार हंगाम राहिला, आणि २००९-१० मध्ये वर आल्यावर नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. गोलकीपरची गोष्ट मात्र वेगळीच. जागा दोनच, त्यामुळे तो हिशेब विंगरला लावू नका.

उलट बाजूही आहे, आणि ती क्लब तोंडाने कबूल करत नाहीत. खाली फार काळ ठेवलं तरी मुलं सडतात. पॉवर प्लेवर राज्य करायची सवय होते, लीग सोपी वाटू लागते, शिफ्ट लांबतात. तिसऱ्या हंगामाच्या मध्यापर्यंत एकही बोलावणं आलं नाही, तर काळजी करायला कारण आहे. आज नाही.

आता त्याने करायचं काय. हंगाम संपल्यावर प्रत्येक खेळाडूची प्रशिक्षक आणि व्यवस्थापनाशी बैठक होते. तिथे ‘मला कधी बोलावणार’ हे विचारू नये. त्याला गोलमोल उत्तर मिळतं. ‘मला वर खेळवायचं झालं तर कोणत्या फळीत, कोणत्या कामासाठी? त्या कामात आज मी कुठे कमी पडतो, त्याच्या क्लिप दाखवाल का?’ असं विचारावं. उत्तर त्याच दिवशी लिहून काढावं. पेनल्टी किलवर संधी हवी असेल तर ती आत्ता, उरलेल्या सामन्यांत मागावी. सप्टेंबरात मागून उपयोग नाही. आणि कॅम्पमध्ये चौथ्या फळीत उभं केलं तर चौथ्या फळीसारखंच खेळावं. तिथे तीन जणांना चकवून गोल करायला जाणारी मुलं पहिल्या कपातीतच परत येतात.

ट्रेडबद्दल: दुसऱ्या हंगामात नाही. बोलायचंच झालं तर ते खेळाडू संघटनेकडे नोंदणी असलेल्या एजंटने बोलावं, पालकांनी कधीच नाही. आईवडिलांचा फोन गेला की मुलाच्या नावापुढे न पुसणारी खूण पडते. पुढच्या हंगामाअखेर करार संपेल. तेव्हा क्लबने क्वालिफाइंग ऑफर (हक्क टिकवण्यासाठी नव्या कराराचा प्रस्ताव) दिली नाही तर तो मोकळा होतो, दिली तर हक्क क्लबकडेच राहतात. एजंटशी या विषयावरची पहिली बैठक त्या हंगामाच्या डिसेंबरात ठेवा.

शेवटी शिक्षण. एनएचएलचा करार झाल्यामुळे अमेरिकी कॉलेज हॉकीचा रस्ता त्याच्यासाठी बंद आहे, हे तुम्ही धरून चाला. ओएचएल या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या हंगामांची शिष्यवृत्ती मात्र तपासण्यासारखी आहे. ती किती काळात वापरायची आणि व्यावसायिक करारानंतर काय उरतं, हे त्याच्या मूळ करारपत्रात बघा आणि लीगकडून लेखी मागवून घ्या. त्यासाठी हंगाम संपायची वाट बघू नका. लीगला विचारणारं पत्र तुम्ही याच आठवड्यात पाठवू शकता.