झडती ‘दिली’ म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून काळीपिवळी प्रवासी गाडी चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: ‘वर्धा जिल्ह्यात शिरताना नाक्यावर गाडी थांबवतात. आम्ही त्याला चेकिंग म्हणतो, पेपरवाले तपासणी म्हणतात. एकदा माझ्या गाडीत एका प्रवाशाच्या थैलीत दारूचे पव्वे निघाले. ठाण्यात कागद लिहिला, त्यात झडती हा शब्द होता, आणि मी “स्वखुशीने झडती दिली” असंही होतं. तपासणी आणि झडती एकच का? आणि मी काही दिलंच नाही, तर दिली कशी?’

प्रश्न फार मोलाचा आहे. दोन्ही शब्द एक नाहीत. ते एक समजले गेल्यामुळे आपल्या भागात रस्त्यावरच्या माणसाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी तपासणी घेऊ. शाळेची तपासणी होते, डोळ्यांची होते, उत्तरपत्रिकांची होते. या सगळ्यांत जे समोर ठेवलेलं असतं तेच बघितलं जातं, आणि बरोबर आहे का ते एखाद्या मापाला लावून ठरवलं जातं. डॉक्टर रोग्याला तपासतात. त्यांनी रोग्याची झडती घेतली असं म्हटलं तर ऐकणारा दचकेल. झडतीत शोध असतो तो न दाखवलेल्या वस्तूचा. दाखवणाऱ्याने काही मागे ठेवलं असेल हा संशय त्या शब्दाच्या पोटातच आहे.

शब्द कुठून आला ते सरळ दिसतं. झाडणे आणि झडणे ही जोडी आपल्या रोजच्या बोलण्यातली. सतरंजी आपण झाडतो, कपाशीची पाती-फुलं आपोआप झडतात. गळण्यापासून गळती, भरण्यापासून भरती, तशी झडण्यापासून झडती. झाडल्यावर जे खाली पडतं ती झडती. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून झाला की बाया ओटीचं फडकं उलटं करून झटकतात, दोन-चार बोंडांच्या टरफलांसोबत अडकलेली सरकी खाली पडते. कोणी सांगितलेलं नसतं, तरी झटकतात. आता काही उरलं नाही, हे समोरच्याला दिसावं म्हणून. झडतीचं मूळ चित्र मला तिथे दिसतं.

हाच शब्द मराठेशाहीच्या दप्तरात हिशेबाच्या अर्थाने येतो. गावझडती म्हणजे गावाच्या जमाखर्चाचा कागद. वसूल किती, खर्च किती, बाकी काय, सगळं झाडून बाहेर काढलेलं. ‘झाडा देणे’ म्हणजे हिशेब देणे, हा प्रयोग आजही जुनी माणसं करतात. झाडाझडती तर अजून रोज पेपरात असते. तेव्हा झडती या शब्दाला पहिल्यापासून कागद चिकटलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण हा फरक मलाही त्या दिवशीच नीट कळला. कळंबहून देवळीकडे येताना वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि दारूबंदी लागते. बहिणीकडून स्कूटरवर परत येत होतो, मागे घरची बसलेली. नाकाबंदी लागलेली होती. एका पोलिसाने हात केला. ‘काकाजी, गाडी साइडले घ्या.’ लायसन मागितलं, मी दिलं. त्याने बघितलं, परत केलं. इथपर्यंत सगळं रीतसर. मग म्हणाला, ‘डिक्की खोला बरं.’ मी खोलली. त्याने पावसाची प्लास्टिक काढली, औषधाची पुडी काढली, आणि बहिणीने बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठाच्या थैलीचं तोंड सोडून मनगटापर्यंत हात आत घातला. आत चाचपलं. पांढरा झालेला हात माझ्याच सीटच्या कापडाला पुसला आणि म्हणाला, ‘झाली चेकिंग, जा.’

घरी आल्यावर मी शेजाऱ्यांना सांगत होतो की गाडी तपासली. आमच्या घरच्यांनी आतून सुधारलं: ‘तपासली काय म्हन्ता, झडती घेतली म्हना.’ चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला नेमका शब्द तिने दिला. लायसन बघितलं ती तपासणी होती. पिठात हात घातला ती झडती होती. मध्ये एक रेघ होती, आणि ‘चेकिंग’ या एका शब्दाने ती पुसून टाकली होती.

कायद्यातही ती रेघ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन दाखवलंच पाहिजे. मोबाइलमधल्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रंही चालतात. दारू प्यायल्याचा संशय असेल तर श्वासाची चाचणी घेता येते. ही सगळी तपासणी: कागद, माणूस, गाडीची अवस्था. त्याला नाही म्हणायला जागा नाही, आणि म्हणूही नये.

झडतीचा रस्ता वेगळ्या कायद्यातून जातो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १८५ प्रमाणे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला अमुक गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू अमुक ठिकाणी सापडेल असं मानायला सबळ कारण हवं, आणि ते कारण त्याने झडतीआधी लिहून ठेवायला हवं. त्या लिखाणाची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. आता तुम्ही विचाराल, ‘ठिकाण’ म्हणजे घर. गाडी कुठे आली? तर कायद्याने ‘ठिकाण’ या शब्दाची व्याख्या केली आहे आणि तिच्यात घर, इमारत, तंबू यांच्यासोबत वाहनही घातलं आहे. चाकावर फिरणारी वस्तू कायद्याच्या भाषेत ठिकाण ठरते. तुमची काळीपिवळी चालत असली तरी झडतीपुरती ती एक जागा आहे, घरासारखी. शब्दांवर प्रेम करणाऱ्याला अशी व्याख्या भेटली की दिवस चांगला जातो.

एक गंमतीचा योग इथे आहे. आपल्याकडे ‘एकशेपंच्याऐंशी लावला’ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस केली. ते मोटार वाहन कायद्याचं १८५. झडतीचं १८५ नव्या संहितेतलं. एकाच नाक्यावर दोन्ही बोलले जाऊ शकतात, तेव्हा कोणतं ते विचारून घ्यावं.

पोलिसांच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. महाराष्ट्र दारूबंदी कायदा पोलिसांना गाडी थांबवून दारूसाठी तिची झडती घेण्याचा अधिकार देतो. त्यामुळे नदीच्या पुलावरची झडती मुळातच बेकायदा, असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. निवडणुकीत भरारी पथकं आणि स्थिर पथकं गाड्या उघडून बघतात आणि ५० हजारांवर रोकड असली की कागद मागतात, तेही याच जातीचं. कापूस विकून येणाऱ्याने त्या दिवसांत बाजार समितीची हिशेबपट्टी जवळ ठेवावी.

अधिकार असला तरी झडती कशी घ्यायची याची रीत आहे, आणि ती रीत झडती या शब्दासोबत येते. तपासणी म्हटलं की ती रीत गळून पडते. माझं भांडण त्या गळण्याशी आहे. झडतीला पंच लागतात. जिची झडती होते त्या जागेच्या धन्याला हजर राहू द्यावं लागतं. जे घेतलं त्याची यादी करून सह्या घ्याव्या लागतात आणि यादीची प्रत द्यावी लागते. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडतीचं आणि यादीचं मोबाइलवर चित्रीकरणही सांगितलं आहे. पंचनामा या शब्दातले पाच पंच कधीच दोनावर आले, पण फारसीतून आलेला ‘नामा’, म्हणजे लिहिलेला कागद, तो अजून टिकून आहे.

आणखी एक जोडशब्द: अंगझडती. गाडीची झडती वेगळी, अंगाची वेगळी. बाईची अंगझडती बाईनेच घ्यावी आणि मर्यादा सांभाळून घ्यावी, हे कायद्यात स्पष्ट आहे. गांजासारख्या अंमली पदार्थांच्या कायद्यात तर अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी, हा तुमचा हक्क आहे’ असं सांगावं लागतं. माणसाच्या हातातली थैली त्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’त मोडते का, हा वाद वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं की थैली म्हणजे व्यक्ती नव्हे. मला त्या निकालात रस आहे तो शब्दासाठी. इंग्रजीतल्या ‘पर्सन’ या शब्दावर एवढा खल करावा लागला. मराठीत ‘अंगझडती’ म्हटलं की अंग तेवढंच आत येतं, खांद्यावरची थैली आपोआप बाहेर राहते. आपल्या पोलिस ठाण्यांतल्या जुन्या कारकुनांनी हा शब्द चालू ठेवला, त्यांचे उपकार मानावेत.

हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे ‘तलाशी घेतली’ही सर्रास म्हणतात. चालेल. अर्थ झडतीचाच आहे, त्यामुळे नुकसान नाही. नुकसान ‘चेकिंग’ने होतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: ‘दिली’ कशी? झडती घेणे आणि झडती देणे हे दोन्ही प्रयोग मराठीत बरोबर आहेत, पण देणारा कोण हे बघावं लागतं. जुन्या पंचनाम्यांत एक वाक्य हमखास असतं. घरात शिरण्याआधी पोलिस आणि पंच आपली अंगझडती घरधन्याला देऊ करतात, म्हणजे आत जाताना आमच्या खिशात काही नव्हतं याची खात्री तुम्ही करून घ्या. तिथे ‘देणे’ शोभतं, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे तो स्वतःहून खिसे झटकून दाखवतो आहे. त्याच क्रियापदाला चालकाच्या तोंडी घालून वर ‘स्वखुशीने’ जोडलं की वाक्याचा अर्थ फिरतो. नाक्यावर ‘डिक्की खोला बरं’ म्हटल्यावर आपण खोलतो. त्या ‘बरं’मध्ये विनंती ऐकू येते, पण गणवेशातल्या माणसाची विनंती आपल्याकडे हुकूम म्हणूनच ऐकली जाते. हुकमाने खोललेली डिक्की कागदावर आली की ‘स्वखुशीने दिली’ होते. तुम्ही दिलं नाही. तुमच्याकडून घेतलं गेलं, आणि वाक्याने कर्ता बदलला.

माझ्या पिठाच्या थैलीची गोष्ट याहून वाईट. तिच्यात काही निघालं नाही, म्हणून कागदच झाला नाही. सरकारी मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे: निरंक, म्हणजे काही नाही. झडती घेतली, मिळून आलेला मुद्देमाल निरंक. एवढी एक ओळ, त्यावर तारीख आणि वेळ, बस. ती लिहिली गेली असती तर त्या दिवशी आमच्यावर जे घडलं त्याचं नाव कुठेतरी उमटलं असतं. ज्वारीच्या पिठाची भाकरी आमच्या घरच्यांनी केली नाही. ते पीठ तिने गाईला घातलं.

तुम्ही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, आणि ‘स्वखुशीने झडती दिली’ असं लिहिलं असेल तर त्या जागी ‘माझ्यासमक्ष गाडीची झडती घेतली’ असं करायला सांगा. नम्रपणे सांगितलं तर लिहिणारा हवालदार बहुधा ऐकतो, कारण त्याचंही त्यात काही बिघडत नाही. पव्वे प्रवाशाच्या थैलीत निघाले होते, तेव्हा थैली कोणाची होती आणि कोणत्या सीटखाली होती, हेही त्याच वाक्यात येऊ द्या. ‘गाडीत मिळून आले’ एवढंच राहिलं, तर वाचणाऱ्याला ते तुमच्या गाडीतले, म्हणजे तुमचे वाटतील.